हृदय आणि पेशींचे निरोप्ये



आपल्याकडे कोणी अचानक वारले की लोक हळहळतात, "बिचाऱ्याचे हार्ट फेल झाले!" उर्दूतही आपण असेच बोलतो. वर्तमानपत्रात 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असे छापलेले असते. त्यामुळे हार्ट फेल होणे म्हणजे हृदय एका क्षणात थांबणे, असा समज रूढ झाला आहे. डॉक्टर मात्र 'हार्ट फेल्युअर' हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. त्यांच्या भाषेत हृदय थांबलेले नसते, ते अपुरे पडत असते. ते धडधडत असते. पण शरीराला जेवढे रक्त हवे तेवढे ते पुढे ढकलू शकत नाही. असा रुग्ण उपचार घेऊन कित्येक वर्षे जगू शकतो. घोटाळा होऊ नये म्हणून या पाठात आपण त्याला 'हृदयदौर्बल्य' म्हणू.

आपले हृदय साधारणपणे आपल्या मुठीएवढे असते. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ते एका मिनिटात सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवते. दिवसभरात त्याचे जवळजवळ १ लाख ठोके पडतात. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त महाधमनीत ढकलते. ही ताकद कमी झाली की काय होते, ते रुग्णाकडे पाहूनच कळते. दोन जिने चढले की त्याला धाप लागते. पुढे पुढे चार पावले चालणेही जड जाते. आडवे झाले की जीव घाबरा होतो, म्हणून तो दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपतो. संध्याकाळी पायांवर सूज येते. बोटाने दाबले तर तेथे खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही.

ही लक्षणे समजायला कठीण नाहीत. पंप नीट चालत नसेल तर पाणी मागे तुंबणारच. फुफ्फुसात तुंबले की धाप लागते आणि पायात तुंबले की सूज येते. तेराव्या शतकात कैरो येथे वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते की, उजव्या बाजूचे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातून नव्हे, तर फुफ्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते. पुढे १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्ताचे संपूर्ण भ्रमण मांडले. तेव्हापासून डॉक्टर हृदयाकडे पंप म्हणूनच पाहत आले आणि हृदयदौर्बल्य म्हणजे पंपाचा बिघाड, असेच बरीच वर्षे मानले गेले.

पण या पंपाच्या हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. हृदयदौर्बल्याचे काही जुने रुग्ण वाळत जातात. पाय सुजलेले असतात. पण खांदे, दंड आणि मांड्या मात्र झडतात. गालफडे बसतात, बरगड्या मोजता येतात. दुखणे हृदयाचे, मग दंडाचे मांस का झडावे? पंप बिघडल्याने पाणी तुंबेल हे खरे, पण माणूस विरघळल्यासारखा का व्हावा?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडा वेळ हृदय सोडून दुसरीकडे जावे लागेल.

तुमच्या बोटात काटा रुतला तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. मराठीत याला 'दाह' म्हणतात. उर्दूत आपण 'सोजिश' किंवा 'वरम' म्हणतो. काटा एवढासा, मग ही धावपळ कोण करते? रक्तातील पांढऱ्या पेशी आणि ऊतींत ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी हे काम करतात. पण त्यांना खबर कशी मिळते? मोहल्ल्यात रात्री चोर शिरला तर पहिला चौकीदार शिट्टी वाजवतो, ती ऐकून दुसरा धावतो, मग दिवे लागतात आणि माणसे बाहेर पडतात. पेशींना तोंड नाही, शिट्टी नाही. त्या अगदी लहान प्रथिने बाहेर सोडतात. हे प्रथिनांचे रेणू दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठराविक खोबणीत कुलपात किल्ली बसावी तसे बसतात आणि त्या पेशीला निरोप कळतो : 'इकडे ये', 'वाढ', 'लढ', 'आता थांब'.

या निरोप्यांना शास्त्रज्ञ 'सायटोकाइन' म्हणतात. हा शब्द ग्रीक शब्दांवरून १९७४ मध्ये तयार झाला. त्यात पेशी आणि हालचाल असे दोन अर्थ जोडलेले आहेत. त्यांपैकी काहींना 'इंटरल्युकिन' हे नाव १९७९ मध्ये मिळाले. त्याचा अर्थ 'पांढऱ्या पेशींच्या दरम्यान' असा आहे. नाव ठेवताना हे निरोप फक्त पांढऱ्या पेशींमध्येच चालतात असे वाटले होते. ते नाव अपुरे ठरले हे तुम्हाला पुढे दिसेलच. आपल्या जुन्या उर्दू कथांमधला 'कासिद' आठवा. पत्र घेऊन जाणारा कासिद चांगलीही बातमी आणतो आणि वाईटही. सायटोकाइनचे तसेच आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत 'सायटोकाइनचे वादळ' असे शब्द वर्तमानपत्रांत येऊ लागले, ते हेच निरोप्ये. फक्त त्या वेळी काही रुग्णांच्या शरीरात सगळे चौकीदार एकाच वेळी शिट्ट्या वाजवत सुटले होते.

या पाठात आपल्याला ज्याची गाठ घ्यायची आहे, त्या निरोप्याचे नाव लांबलचक आहे : ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. आपण त्याला टी.एन.एफ. म्हणू. त्याचा शोध मोठा गमतीदार आहे, कारण तो दोनदा लागला.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा व्रण असेल. तो बी.सी.जी. लसीचा. क्षयरोगापासून संरक्षण व्हावे म्हणून ती लहानपणीच टोचतात. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमधील एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना हीच बी.सी.जी. दिली आणि नंतर जीवाणूंच्या आवरणातील विष टोचले. त्या उंदरांच्या रक्तद्रवात असा काही पदार्थ तयार झाला, की तो दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या अंगावरील कर्करोगाच्या गाठी सडून गेल्या. 'ट्यूमर' म्हणजे गाठ आणि 'नेक्रोसिस' म्हणजे पेशी मरणे. यावरून त्या पदार्थाला हे नाव पडले. कर्करोगावर औषध सापडले, असे अनेकांना वाटले.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आफ्रिकेतील गुरांच्या एका रोगाचा विचार करीत होते. त्सेत्से नावाची माशी चावली की गुरांच्या रक्तात एक परजीवी शिरतो. नवल असे की रक्तात परजीवी तुरळक असतानाही जनावर झपाट्याने वाळत जाते. प्रयोगशाळेत सशांना हा रोग लावून पाहिला, तर तेही वाळले. त्यांच्या रक्तात चरबी मात्र भरपूर साचलेली होती. पेशींना ती आत घेताच येत नव्हती. घरात धान्याची कोठी भरलेली आणि चूल मात्र थंड, असा हा प्रकार! सेरामी यांनी ओळखले की हे काम परजीवीचे नव्हे. परजीवीला पाहून सशाच्याच पेशींनी सोडलेल्या एका पदार्थाचे ते काम आहे. त्यांनी त्याला 'कॅकेक्टिन' म्हटले. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी 'वाईट अवस्था' असा अर्थ आहे. त्यांचे तरुण सहकारी ब्रूस बॉयट्लर यांनी हा पदार्थ शुद्ध केला. १९८५ मध्ये असे सिद्ध झाले की कॅकेक्टिन आणि टी.एन.एफ. हे एकच आहेत! एका प्रयोगशाळेत जो कर्करोगाचा शत्रू म्हणून गाजत होता, तोच दुसऱ्या प्रयोगशाळेत जनावराला वाळवणारा म्हणून पकडला गेला. (बॉयट्लर यांना रोगप्रतिकारशक्तीवरील पुढच्या संशोधनासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.)

आता तुम्हाला आपला वाळलेला हृदयरोगी आठवला असेल. काही डॉक्टरांनाही तो आठवला.

१९९० मध्ये बेथ लेव्हिन, मिल्टन पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र हृदयदौर्बल्याचे ३३ रुग्ण आणि ३३ निरोगी माणसे यांच्या रक्तातील टी.एन.एफ. मोजले. निरोगी माणसांत ते सरासरी ९ एकके भरले, तर रुग्णांत ११५. आणि ज्या रुग्णांच्या रक्तात ते अधिक होते, तेच अधिक वाळलेले होते. पंपाच्या हिशेबात न बसणारी गोष्ट या नव्या हिशेबात चपखल बसली.

माझ्या मते या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यानंतरचा आहे. काटा नाही, जंतू नाही, परजीवी नाही; मग या रुग्णांच्या शरीरात शिट्टी वाजवतो कोण? उत्तर १९९६ च्या सुमारास मिळाले आणि ते अनपेक्षित होते. हृदयरोपणाच्या वेळी काढलेल्या निकामी हृदयांचे स्नायू तपासले तेव्हा त्यांत टी.एन.एफ. सापडले. निरोगी हृदयाच्या स्नायूत ते सापडले नाही. म्हणजे दुबळे झालेले हृदय स्वतःच शिट्टी वाजवत होते. डग्लस मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, हृदयावर दाबाचा ताण वाढवला तर हृदय थोड्याच वेळात टी.एन.एफ. बनवू लागते. केवळ पांढऱ्या पेशींचा समजला जाणारा निरोप्या हृदयाच्या घरीही जन्म घेत होता.

असे का व्हावे? समजा, एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडली आणि स्नायूचा एक भाग मेला. मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात. शरीराचे चौकीदार 'हा चोर' आणि 'ही आपल्याच घराची पडलेली भिंत' असा भेद नीट करत नाहीत. दोन्ही वेळी ते सारखीच शिट्टी वाजवतात. टी.एन.एफ., इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे निरोप सुटतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करतात आणि मग तेथे तंतूंचा घट्ट व्रण तयार होतो. हे सगळे आवश्यकच आहे. हा व्रण तयार झाला नाही तर हृदयाची भिंत फुटू शकते. हातावरची कातडी फाटली तर नवी येते, पण हृदयाच्या स्नायूचे तसे नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला फक्त १ टक्क्याच्या आसपास स्नायूपेशी नव्या होतात आणि वय वाढते तसे हे प्रमाण आणखी घटते. म्हणून तेथे व्रणावरच भागवावे लागते.

अडचण तेव्हा येते, जेव्हा शिट्टी थांबत नाही. उरलेल्या स्नायूवर ताण पडतो, ताणलेला स्नायू पुन्हा निरोप सोडतो. टी.एन.एफ. आणि इंटरल्युकिन-१ हे हृदयाच्या पेशीतील कॅल्शियमची ये-जा बिघडवतात. स्नायू आवळतो तो कॅल्शियममुळे. ती ये-जा मंदावली की ठोका दुबळा होतो. काही पेशी मरतात. दुसरे निरोप्ये निरोगी भागातही तंतू वाढवतात आणि लवचिक स्नायू ताठर होतो. हृदयाचा आकार पसरतो. उंदरांच्या हृदयात मुद्दाम जास्त टी.एन.एफ. तयार होईल अशी व्यवस्था केली तेव्हा (१९९७ चे हे प्रयोग आहेत) त्या उंदरांचे हृदय फुगले आणि दुबळे झाले. शिवाय आतड्यांतही पाणी तुंबते. सुजलेल्या आतड्याच्या भिंतीतून जीवाणूंचे विष थोडे थोडे रक्तात झिरपते आणि त्यामुळे आणखी टी.एन.एफ. सुटते. याला मराठीत 'दुष्टचक्र' असा नेमका शब्द आहे.

सर्वच निरोप्ये आग लावणारे नसतात, हेही सांगायला हवे. इंटरल्युकिन-१० हा बहुधा 'आता पुरे' असा निरोप देतो. निरोगी शरीरात दोन्ही प्रकारच्या निरोप्यांचा तोल राखलेला असतो.

इथपर्यंत वर्गात सांगून झाले की मुले हमखास विचारतात, "सर, मग टी.एन.एफ. बंद करणारे औषध द्यावे ना! आजार बरा होईल." अगदी हाच विचार १९९० नंतरच्या दशकात मोठमोठ्या डॉक्टरांनी केला. औषधही तयार होते. संधिवातासाठी 'इटानरसेप्ट' नावाचे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाले होते. त्याची युक्ती अशी, की ते टी.एन.एफ.ची खोटी खोबण असते. टी.एन.एफ. त्यातच अडकून पडते आणि पेशीपर्यंत पोहोचत नाही. हृदयदौर्बल्याच्या मोजक्या रुग्णांना ते देऊन पाहिले तेव्हा सुधारणा दिसली. सगळ्यांच्या आशा उंचावल्या.

मग मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. एक उत्तर अमेरिकेत, दुसरी मुख्यतः युरोपात. दोन्ही मिळून २,०४८ रुग्ण. काहींना खरे औषध, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली टोचणी. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरालाही नसते. असे का करतात, ते नीट समजून घ्या. आशा ही फार जबर गोष्ट आहे. औषध मिळाले एवढ्या विश्वासानेच रुग्णाला बरे वाटू लागते, आणि डॉक्टरालाही तो बरा दिसू लागतो.

२००१ मध्ये या चाचण्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आल्या. औषधाचा काहीही फायदा दिसत नव्हता. टी.एन.एफ.ला रोखणारे दुसरे औषध 'इन्फ्लिक्सिमॅब' १५० रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. त्याचा निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आणखी वाईट होता. ज्यांना मोठी मात्रा मिळाली, त्यांच्यात मृत्यू आणि हृदयदौर्बल्यासाठी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण वाढले. ज्या औषधाने जीव वाचायचा, त्याने उलट अपाय केला! आज मध्यम किंवा तीव्र हृदयदौर्बल्य असलेल्या माणसाला संधिवातासाठी हे औषध मोठ्या मात्रेत देऊ नये, असा इशारा आहे. तो इशारा त्या रुग्णांच्या सहभागातून मिळाला आहे.

कोठे चुकले? शास्त्रज्ञांनी पुष्कळ विचार केला आणि अजून सर्वांचे एकमत नाही. पण काही गोष्टी कळल्या. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्या उंदरांमध्ये टी.एन.एफ.चा निरोप घेणाऱ्या खोबण्याच नव्हत्या, त्यांना हृदयविकाराचा झटका दिल्यावर त्यांच्या हृदयाचे नुकसान कमी न होता जास्त झाले. म्हणजे थोड्या प्रमाणात टी.एन.एफ. हृदयाचे रक्षणच करते. चौकीदार फार आरडाओरडा करतो म्हणून त्याला कामावरून काढून टाकले, तर खरा चोर आल्यावर कोण ओरडणार? दुसरे असे की निरोप्ये पुष्कळ आहेत. एकाला अडवले तर तोच निरोप दुसरा पोहोचवतो. आणि तिसरी शक्यता : रक्तात एखादी गोष्ट वाढलेली दिसली म्हणजे तीच रोगाचे कारण आहे, असे होत नाही. आग लागलेल्या घरासमोर बंबवाले दिसतात. म्हणून आग बंबवाल्यांनी लावली, असे कोणी म्हणत नाही.

यानंतर बरेच लोक या विषयापासून दूर गेले. काही चिकटून राहिले. त्यांपैकी एक, अमेरिकेतील बोस्टन शहराचे पॉल रिडकर. त्यांच्या नेतृत्वाखालील चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अजूनही रक्तात दाहाच्या खुणा असलेले १०,०६१ रुग्ण तिच्यात होते. या वेळी टी.एन.एफ. सोडून इंटरल्युकिन-१ च्या एका प्रकाराला रोखणारे 'कॅनाकिनुमॅब' हे औषध वापरले. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, तरी मधल्या मात्रेने पुन्हा झटका येणे, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. दोन वर्षांनी याच चाचणीतील माहिती तपासली, तेव्हा औषधाची मात्रा जसजशी जास्त, तसतसे हृदयदौर्बल्यासाठी रुग्णालयात जाणे कमी झालेले दिसले. दाह हा हृदयाच्या रोगात केवळ साक्षीदार नाही, भागीदारही आहे, याचा हा मोठा पुरावा ठरला. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी अधिक लोक जंतुसंसर्गाने दगावले. चौकीदाराची शिट्टी काढून घेतल्याची किंमत पुन्हा मोजावी लागली. औषध अतिशय महागही होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने हृदयरोगासाठी त्याला परवानगी दिली नाही.

एक स्वस्त औषध मात्र आपल्या ओळखीचे निघाले. युनानी हकीम सांधेदुखीवर 'सूरंजान' नावाचा कंद देतात, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. त्याच जातीच्या वनस्पतीतून 'कॉल्चिसिन' नावाचे द्रव्य मिळते. ते दाह शमवते. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांवर आणि २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत हृदयविकाराच्या रुग्णांना त्याच्या अगदी लहान मात्रेचा फायदा दिसला. पण २०२४ मध्ये ७,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. वाद चालू आहे. कोणी उत्साहाने सूरंजान विकत आणून खाऊ नका. त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी ते विष आहे.

मग आज हृदयदौर्बल्याच्या रुग्णाला डॉक्टर काय देतात? शरीरातील जादा पाणी लघवीवाटे काढणारी औषधे, रक्तवाहिन्यांवरील दाब उतरवणारी औषधे, धावणाऱ्या हृदयाला शांत करणारी औषधे. त्यांनी पुष्कळ जीव वाचले आहेत. निरोप्यांना रोखणारे उपचार अजून रोजच्या वापरात आलेले नाहीत. इंटरल्युकिन-६ ला रोखण्याचे प्रयोगही हाती घेण्यात आले आहेत.

आता एक गोष्ट खास तुमच्या वयासाठी. हृदयदौर्बल्य हा म्हाताऱ्यांचा आजार, असे समजू नका. आपल्या देशात आणि अन्य गरीब देशांत त्याचे एक कारण घशात सुरू होते. 'स्ट्रेप्टोकॉकस' नावाचा जीवाणू घसा धरतो. ताप येतो, गिळताना दुखते, चार दिवसांत आराम पडतो. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि गुडघा, घोटा, कोपर अशी सांधेदुखी एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरते. कधी धापही लागते. हा 'संधिवाताचा ताप', म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. ५ ते १५ वर्षे वयात तो सर्वाधिक आढळतो. त्या जीवाणूच्या अंगावरील एक प्रथिन हृदयातील प्रथिनांशी मिळतेजुळते असते. पांढऱ्या पेशी जीवाणूला ओळखायला शिकतात आणि फसून हृदयाच्या झडपांवरही चालून जातात. झडपेत शिरलेल्या या पेशी टी.एन.एफ. आणि इतर निरोप सोडतात, आणखी पेशी येतात. पुन्हा पुन्हा असे झाले की झडप जाड होते, चिकटते, गळू लागते. पंधराव्या वर्षी खेळणारे मूल पंचविशीत जिना चढताना थांबते.

निरोप्यांना अडवण्यासाठी कोट्यवधी रुपयांची औषधे शोधली जात आहेत. पण येथे निरोप सुटण्याच्या आधीच काम होऊ शकते, आणि तेही पेनिसिलिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने. प्रत्येक घसादुखी याच जीवाणूची नसते. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिला पेनिसिलिन लागत नाही. म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ताप आणि घसा दोन्ही असतील, गिळवत नसेल, तर घरी सांगा. डॉक्टरांनी गोळ्या दहा दिवसांच्या दिल्या असतील, तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबू नका. ज्या मुलाला हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्याला डॉक्टर दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई देतात, आणि ती कित्येक वर्षे घ्यावी लागते. सुई दुखते, हे खरे आहे. तुमच्या वर्गात असा कोणी सोबती असेल आणि तो महिन्यातून एक दिवस गैरहजर राहत असेल, तर त्या दिवसाचा अभ्यास त्याला तुमच्या वहीतून उतरवून द्या.

शब्दार्थ

निरोप्या – निरोप पोहोचवणारा, कासिद
दाह – जळजळ व सूज, सोजिश
धाप लागणे – दम लागणे, सांस फूलना
अंग झडणे – शरीर वाळत जाणे
परजीवी – दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा जीव
व्रण – जखमेची खूण, जख्म का निशान
दुष्टचक्र – एका वाईटातून दुसरे वाईट निघत राहणे
दगावणे – मरण पावणे
चपखल – अगदी बरोबर बसणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांच्या भाषेत 'हार्ट फेल्युअर' म्हणजे काय?
(आ) कॅकेक्टिन आणि टी.एन.एफ. यांच्याविषयी १९८५ मध्ये काय सिद्ध झाले?
(इ) 'सायटोकाइन' या शब्दात कोणते दोन अर्थ जोडलेले आहेत?

२. कारणे द्या.
(अ) हृदयदौर्बल्याचा रुग्ण दोन-तीन उशा घेऊन झोपतो.
(आ) चाचणीत कोणाला खरे औषध मिळते हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत.
(इ) इटानरसेप्टच्या चाचण्या मुदतीपूर्वी थांबवल्या.

३. 'चौकीदार' आणि 'बंबवाले' ही दोन उदाहरणे लेखकाने कोणत्या गोष्टी समजावण्यासाठी दिली आहेत, ते चार-पाच ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : ठाण मांडून बसणे, जीव घाबरा होणे, आशा उंचावणे.

५. तुमच्या धाकट्या भावाचा घसा दुखत आहे आणि त्याला तापही आहे. दुसऱ्या गावी असलेल्या वडिलांना ही गोष्ट कळवणारे पत्र मराठीत लिहा.